सेलमधली काळी कांडी : एक प्रस्तावना

टॉर्चचा सेल संपला की तो दगडाने ठेचायचा आणि आतली काळी कांडी काढून घ्यायची, हा उद्योग सोलापूरकडच्या माढा तालुक्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी मन लावून केला आहे. बाहेर जस्ताचे नळकांडे, आत ओलसर काळी भुकटी आणि मधोमध ती गुळगुळीत कांडी. भुकटीने हात बरबटायचे, सदरा बरबटायचा, घरी बोलणी बसायची. पण कांडी मिळाली की फरशीवर, भिंतीवर, शाळेच्या ओट्यावर रेघोट्या ओढायला पोरे मोकळी. ती कांडी कार्बनची असते हे त्यांना कोणी सांगितलेले नसे. आजच्या महागड्या अल्कलाइन सेलमध्ये ती सापडत नाही. त्यासाठी भिंतीवरच्या घड्याळात घालतात तो स्वस्तातला सेल लागतो, नाहीतर दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या दोन पेन्सिली.

ग्लासभर पाणी, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा, दोन काळ्या कांड्या आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. तारा जोडल्या की दोन्ही कांड्यांवर बुडबुडे धरतात. ऋण टोकाच्या कांडीवर ते बारीक आणि दाट असतात, दूध उतू जाण्याआधी कडेला येते तसे. हा हायड्रोजन. धन टोकाला बुडबुडे कमी आणि थोडे आळसावलेले. हा बहुतेक ऑक्सिजन. वर्गात प्रयोग इथेच संपतो. फळ्यावर पाण्याचे सूत्र लिहिले जाते, दोनास एक हे प्रमाण पाठ होते आणि तास सुटतो. पण बॅटरी काढायची घाई केली नाही, तर तासाभराने निराळेच दिसू लागते. धन बाजूच्या कांडीभोवतीचे पाणी करडे होते. ग्लासाच्या तळाला काजळीसारखा गाळ बसतो. ऋण बाजूची कांडी जशीच्या तशी, आणि धन बाजूची मात्र बोटाने चोळली तर झडते. फळ्यावरच्या प्रमाणातही खोट निघते: ऑक्सिजन हिशेबापेक्षा कमी भरतो. त्यातला काही कांडीलाच लागलेला असतो, गंज लोखंडाला लागतो तसा.

पुढच्या पानांचा विषय त्या करड्या गाळाशी येऊन थांबतो, म्हणून सुरुवात तिथूनच केली. पाण्याचे विद्युत अपघटन करून हायड्रोजन मिळवायचा आणि त्यासाठी प्लॅटिनमसारख्या दुर्मीळ धातूंऐवजी कार्बनपासून केलेले उत्प्रेरक वापरायचे, यावर गेली पंधराएक वर्षे जगभरात प्रचंड काम चालले आहे. त्यात पुणे आणि मुंबईच्या प्रयोगशाळा आहेत, कोल्हापूर-सोलापूरकडची विद्यापीठेही आहेत. आणि उत्प्रेरकाच्या कार्बनसाठी ज्यांची नावे वारंवार येतात त्यांत उसाचे बगॅस, म्हणजे रस काढून उरलेले चिपाड, हे एक. म्हणजे विषय फिरून माढ्याच्याच शिवारात येतो.

हायड्रोजन म्हटले की लोकांना बस आठवते. सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून तयार केलेली हायड्रोजनवर चालणारी बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात लोकांसमोर आली, तिचे फोटो सगळीकडे छापून आले. पण माढ्यात हायड्रोजन बसच्या कितीतरी आधीपासून येतो आहे आणि तो गोणीतून येतो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीला जेवढा अमोनिया लागतो, त्यात साधारण साडेचार किलो हायड्रोजन असतो. हा हायड्रोजन आज नैसर्गिक वायूपासून काढतात. अलिबागजवळ थळला आरसीएफचा जो खतकारखाना आहे तिथेही तसाच. तोच साडेचार किलो हायड्रोजन पाण्यातून काढायचा ठरवला, तर सव्वादोनशे ते अडीचशे युनिट वीज लागेल. पाच रुपये युनिट धरले तर नुसत्या विजेचेच अकरा-बाराशे रुपये झाले. शेतकरी अख्खी गोणी पावणेतीनशेच्या आत घेतो, वरचा भार अनुदानातून जातो. हरित हायड्रोजनची, म्हणजे अक्षय विजेने पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनची, सगळी अडचण या एका गोणीत मावते.

भारताने हा मार्ग एकदा चालून पाहिलेला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. भाक्रा धरणाच्या स्वस्त विजेवर पंजाबातल्या नांगल इथे १९६१ मध्ये खतकारखाना सुरू झाला तो पाण्यातून हायड्रोजन काढूनच. त्या काळी जगातल्या मोठ्या विद्युत अपघटन संचांत त्याची गणना होई, आणि त्याच्याच आधाराने १९६२ मध्ये देशातला पहिला जडपाण्याचा प्रकल्प तिथे उभा राहिला. पुढे विजेला इतर गिऱ्हाइके वाढली, ती पूर्वीसारखी स्वस्त राहिली नाही, आणि खतकारखाना तेलाकडे वळला. तंत्र हरले नव्हते, वीजबिलाने त्याला मागे सारले. आता राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन आले आहे: ४ जानेवारी २०२३ ला मंजुरी, १९,७४४ कोटींची तरतूद, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी जुलैमध्ये आपले हरित हायड्रोजन धोरण आणले, ८,५६२ कोटींचे. आकडे मोठे आहेत. नांगलचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

माढ्यात या विषयावर बोलणे निघाले की पहिली शंका पाण्याची येते, आणि ती साहजिक आहे. उजनीची भिंत याच तालुक्यात. धरण ११७ टीएमसीचे, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य इथे पंढरीच्या वारीइतके नेमाने ऐकू येते. अशा ठिकाणी पाणी फोडून वायू करायचा म्हणजे तोंडचे पाणी पळवण्यासारखेच, असे कोणालाही वाटेल. हिशेब वेगळे सांगतो. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण आणि थंडाव्यासाठी लागणारे पाणी मिळवले तर त्याहून बरेच अधिक. एक किलो साखरेमागे उसाच्या मुळाशी जाणारे पाणी दीड-दोन हजार लिटरच्या घरात आहे.

त्यातही एक गंमत आहे. ऊस स्वतःच सत्तर टक्के पाणी असतो. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे कारखान्यात काय किंवा दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात काय, टनभर ऊस गाळला की त्यातले सुमारे सातशे लिटर पाणी रस आटवताना वाफ होऊन निघते आणि थंड होऊन परत पाणी होते. थोडी साफसफाई केली की हे पाणी विद्युत अपघटनाला चालण्याजोगे. कागदावर एवढ्या पाण्यातून सत्त्याहत्तर किलो हायड्रोजन निघेल. त्याला वीज किती? चार हजार युनिट. त्याच टनभर उसाचे बगॅस चांगल्या सहवीज प्रकल्पात जाळले, तर शंभर-सव्वाशे युनिट वीज मिळते, म्हणजे दोन-अडीच किलो हायड्रोजनपुरती. पाणी मुबलक आणि वीज तोकडी, असे उलटे चित्र दुष्काळी तालुक्यात पाहायला मिळते. म्हणून या सबंध विषयात जे काही मोजायचे ते युनिटमध्ये मोजावे लागते.

उत्प्रेरकाचे महत्त्व इथे सुरू होते. पाणी फोडायला कागदोपत्री १.२३ व्होल्ट पुरतात. तेवढ्यात एक किलो हायड्रोजन निघाला, तर खर्च ३३ युनिट. प्रक्रिया शोषून घेते ती उष्णताही विजेतूनच द्यायची म्हटली तर ३९. प्रत्यक्षात खर्च पन्नास-पंचावन्नवर जातो. मधली तफावत म्हणजे वरखर्च. काही वीज द्रावणात आणि तारांत ऊब होऊन जाते, उरलेली दोन्ही टोकांवर अणूंना जागचे हलवण्यात जाते. व्होल्टेजचा दर दशांश व्होल्ट वाचला की किलोमागे अडीच-पावणेतीन युनिट वाचतात. ग्लासातल्या प्रयोगात नऊ व्होल्ट लावलेले असतात, त्यामुळे तिथला वरखर्च एखाद्या हौशी लग्नाला शोभेल असा असतो.

उत्प्रेरक नेमके करतो काय, हे साखर कारखान्याच्या काट्यावर उभे राहून छान कळते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. ट्रॅक्टर काट्यावर चढला पाहिजे, क्षणभर स्थिर थांबला पाहिजे, वजन झाले की उतरला पाहिजे. थांबलाच नाही तर वजन होत नाही. चढून बंद पडला तर मागची रांग खोळंबते. पृष्ठभागावर येणाऱ्या हायड्रोजनच्या अणूचे असेच आहे. पकड ढिली असेल तर तो टेकतच नाही, घट्ट असेल तर सुटतच नाही. फ्रेंच रसायनज्ञ पॉल साबातिए यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तत्त्व मांडले. प्लॅटिनमची पकड जवळपास हवी तेवढीच आहे, म्हणून हायड्रोजनच्या बाजूला त्याच्या तोडीचे फारसे कोणी नाही. शुद्ध ग्रॅफाइटची पकड फारच ढिली. सेलमधल्या कांडीवर बुडबुडे येतात ते वरून व्होल्टेजचा मारा केलेला असतो म्हणून.

विजेने पाणी फुटते हे १८०० च्या मे महिन्यात लंडनमध्ये विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी दाखवले. त्याआधी १७८९ मध्ये अॅमस्टरडॅमला घर्षणाच्या विजेने ते घडवून झाले होते, पण सतत वाहणारी वीज हाताशी आली ती व्होल्टाच्या चळतीमुळे, म्हणजे पहिल्या बॅटरीमुळे, आणि व्होल्टाने तिची माहिती देणारे पत्र २० मार्च १८०० ला लिहिले. पुण्यात नाना फडणवीस वारले त्याला तेव्हा आठवडा झाला होता. निकल्सन यांच्या पहिल्या प्रयोगात पितळी तारा होत्या: एका तारेवर वायू, दुसरी तार गंजत गेलेली. प्लॅटिनमच्या तारा लावल्यावर दोन्हीकडे वायू दिसू लागला. म्हणजे धन टोकाला ठेवलेली वस्तू खाल्ली जाते हे सुरुवातीलाच ध्यानात आले होते आणि त्यावरचा महागडा इलाजही.

आज कारखान्यांत मुख्यतः दोन पद्धती चालतात. जुनी अल्कलाइन: तीव्र पोटॅश, दोन्हीकडे निकेल, संच मोठा पण दणकट. नवी पीईएम: मध्ये पातळ पटल, संच आटोपशीर, सौरऊर्जेच्या चढउताराशी सहज जुळवून घेणारा; पण तिला ऋण बाजूला प्लॅटिनम आणि धन बाजूला इरिडियम लागतो. इरिडियम सगळ्या जगात वर्षाला सात-आठ टन निघतो, तोही बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून, जोडउत्पादन म्हणून. मागणी वाढली म्हणून तो वाढवता येत नाही. टेंभुर्णीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या एका फेरीला जेवढा ऊस जातो, त्याहून हा धातू पृथ्वीवर दर वर्षी कमी निघतो.

मग कार्बन का? स्वस्त आहे, विजेला वाट देतो, आम्लात आणि पोटॅशमध्ये सहसा विरघळत नाही. पण खरे कारण जागेचे आहे. लाकूड, पाने, करवंटी, बगॅस असे काही हवा न लागू देता तापवले की जो कोळसा उरतो तो भोकाभोकांचा असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने २०१३ मध्ये वाळून पडलेल्या पानांची भुकटी अशी भाजून जो कार्बन मिळवला, त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ १,२३० चौरस मीटर भरले. गुंठ्याच्या भाषेत बोलायचे तर चिमटीत मावणाऱ्या भुकटीत बारा गुंठे रान. तो कार्बन त्यांनी वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी वापरला, हायड्रोजनसाठी नव्हे. पण पाचोळ्यातून काय निघू शकते याचा अंदाज त्यावरून येतो.

रान मोठे असले म्हणून पीक येतेच असे नाही. नुसत्या कार्बनची पकड ढिली, हे वर आलेच. तिला घट्ट करण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला, कार्बनच्या जाळीत मधूनमधून नायट्रोजनचा अणू बसवायचा. नायट्रोजन शेजारच्या इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढतो, त्यामुळे लगतचे कार्बनचे अणू चळवळे होतात. २००९ मध्ये अमेरिकेत लिमिंग दाई यांच्या गटाने नायट्रोजन मिसळलेल्या कार्बनच्या नळ्या ऑक्सिजनच्या एका अभिक्रियेत क्षारीय द्रावणात प्लॅटिनमला मागे टाकतात असे दाखवले. ती अभिक्रिया इंधनघटातली, पण तिने सगळ्यांचे कान टवकारले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या शिझांग चाओ यांच्या गटाने कार्बन नायट्राइड आणि ग्रॅफीन (कार्बनचा अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा) यांची सांगड घालून धातूचा कणही न घालता हायड्रोजन काढल्याचे जाहीर केले. त्यानंतर बोरॉन, गंधक, फॉस्फरस असे एकेक मूलद्रव्य ग्रॅफीनमध्ये मिसळून पाहण्याची लाटच आली.

या लाटेची टिंगलही शास्त्रज्ञांनीच केली. २०२० मध्ये मार्टिन पुमेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफीनमध्ये पक्ष्यांची विष्ठा मिसळून भाजली. विष्ठेत नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक सगळेच असते. उत्प्रेरक साध्या ग्रॅफीनपेक्षा सरस ठरला. हा शोधनिबंध एका मान्यवर नियतकालिकात रीतसर छापून आला, आणि काहीही मिसळले तरी थोडी सुधारणा होतेच, तेवढ्यासाठी दर वेळी नवा निबंध कशाला, हा त्यातला टोला ज्यांना बसायचा त्यांना बसला.

दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. कार्बनला जमीन समजायचे आणि बी धातूचेच पेरायचे, पण स्वस्त धातूचे आणि अगदी विरळ. कोबाल्ट, निकेल, लोह, मॉलिब्डेनम यांचे सूक्ष्म कण, कधी तर एकेक सुटा अणू, कार्बनवर बसवायचा. आयआयटी मुंबईत चंद्रमौळी सुब्रमण्यम यांच्या गटाचे काम या वाटेवरचे. फुलासारख्या पाकळ्या असलेला कार्बन घेऊन त्यांनी त्यावर कोबाल्ट ऑक्साइडचे बारीक घन पसरले आणि शेजारी साधे चुंबक धरले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार हायड्रोजन निघण्याचा वेग तिप्पट झाला आणि ऊर्जा १९ टक्के कमी लागली. चुंबक दूर केल्यावरही परिणाम काही वेळ टिकला, कारण कार्बन आणि कोबाल्टच्या त्या जोडीत चुंबकत्व मुरलेले राहते. यात कार्बनने रसायन फारसे केले नाही. त्याने जागा दिली, विजेला वाट दिली आणि कोबाल्टला धरून ठेवले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट कार्बनवर आधारलेल्या विद्युत उत्प्रेरकांवर बरीच वर्षे काम करतो आहे. आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांच्यासारख्यांनी बीकर, गरम पाणी आणि साधी रसायने एवढ्यावर पातळ थर चढवण्याची जी रीत रुजवली, तिचा सोलापूरकडच्या महाविद्यालयांना जवळून परिचय आहे. २००४ मध्ये वेगळे विद्यापीठ होईपर्यंत सोलापूर कोल्हापूरलाच जोडलेले होते.

बगॅसच्या कार्बनबद्दल इथे एक सावधगिरी सांगायला हवी. ‘धातूविरहित उत्प्रेरक’ असा दावा बगॅसच्या कोळशावरून कोणी केला, तर आधी ऊस कुठून आला ते पाहावे. उसाला शेतातली माती चिकटलेली असते, गाळप होते ते ओतीव लोखंडाच्या रोलरखाली, आणि रोलर झिजतात. राखेत सिलिका भरपूर, पोटॅशियम आहे, लोहही आहे. लोहाचा लेशमात्र अंश निकाल फिरवायला पुरतो. ग्रॅफीनच्या बाबतीत असे घडलेले आहे. कार्बनच्या नावावर जमा झालेले काही श्रेय आत राहून गेलेल्या धातूच्या अंशाचे निघाले. शिवाय बगॅसला टाकाऊ म्हणण्याची शहरी सवयही सोडलेली बरी. कारखान्याचा बॉयलर त्यावर चालतो, हंगाम संपल्यावर त्याला भाव येतो. पाचट त्या मानाने टाकाऊ म्हणता येईल, पण जाणता शेतकरी तेही सरीत कुजवतो. उत्प्रेरकासाठी लागणारा कार्बन किलोंत मोजायचा आहे, टनांत नव्हे. त्यामुळे यातून उसाला नवी बाजारपेठ मिळेल असे कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडे हिशेबाची वही मागावी.

आता तो करडा गाळ.

कार्बन आणि पाणी यांचा रासायनिक हिशेब धन टोकावर बिघडतो. नुसती तत्त्वे पाहिली तर ०.२ व्होल्टच्या पुढे कार्बन पाण्यातल्या ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायॉक्साइड व्हायला तयार असतो. तो लगेच होत नाही याचे कारण ही अभिक्रिया फार मंद आहे. मंदपणा हेच कार्बनचे कवच. पण विद्युत अपघटनात धन टोक दीड व्होल्टच्याही वर असते. तिथे कवच टिकत नाही. बारा गुंठ्यांचा सच्छिद्र कार्बन तर सगळ्यात आधी जातो, कारण जास्त पृष्ठभाग म्हणजे खायला जास्त जागा. क्लोरीनच्या कारखान्यांनी हे अनेक दशके सोसले. त्यांची ग्रॅफाइटची धनाग्रे झिजत, बदलावी लागत. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप देऊन त्यावर उपाय काढला आणि ग्रॅफाइट मागे पडले. आजच्या पीईएम संचात डोकावले तर हीच वाटणी दिसते. ऋण बाजूला कार्बनचा कागद आणि कार्बनच्या भुकटीवर बसवलेले प्लॅटिनम. धन बाजूला टायटॅनियम. कार्बन कारखान्यात पोहोचलेला आहे, पण घराच्या एकाच खोलीत त्याला मुभा आहे.

आणि विजेचा मोठा वरखर्च दुसऱ्या खोलीत होतो. ऑक्सिजन सोडवणे हे चार इलेक्ट्रॉनांचे किचकट काम, हायड्रोजन सोडवणे त्या मानाने सोपे. कार्बनच्या उत्प्रेरकांचे बहुतेक कौतुक सोप्या बाजूचे आहे. त्यातून प्लॅटिनम वाचेल, आणि ते काही कमी नाही. वीजबिल मात्र त्याने फारसे हलणार नाही. नांगलचा कारखाना ज्या बिलाने मागे पडला, त्याचे उत्तर धन बाजूला शोधावे लागेल. तिथे निकेल-लोहाची संयुगे क्षारीय द्रावणात चांगली चालतात आणि कार्बन असलाच तर ग्रॅफीनच्या घट्ट वेष्टणात जपून ठेवावा लागतो.

खाल्ला जाणारच असेल तर खाऊ द्या, असेही एकदा म्हणून झाले आहे. १९७९ मध्ये कॉफलिन आणि फारूक या अमेरिकेतल्या दोघांनी धन बाजूला कोळशाची भुकटी पाण्यात कालवून ठेवली. ऑक्सिजन निघण्याऐवजी कोळसाच जळत राहिला, आणि हायड्रोजन नेहमीपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजवर निघू लागला. बदल्यात कार्बन डायॉक्साइड. कोळसा आणि पाणी ही जोडी माढ्याला नवी नाही. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तेव्हा कुर्डुवाडीला बार्शी रोड म्हणत, आणि त्या अरुंद रुळांवरच्या इंजिनांना याच दोन वस्तू भरल्या जात. गुऱ्हाळाच्या चुलाणातही चिपाड जळते आणि रसातले पाणी उडते. आजवर इथे कार्बनने जळून काम केले. उत्प्रेरक म्हणून नेमायचे तर त्याने न जळता काम करायचे आहे, आणि तेही किती काळ? कारखानदार संच घेतो तेव्हा साठ ते ऐंशी हजार तास चालावा अशी अपेक्षा धरतो, म्हणजे सात ते नऊ वर्षे. शोधनिबंधांतल्या चाचण्या दहा तासांच्या, वीस तासांच्या, फार तर शंभर तासांच्या. विद्युतप्रवाहही तसाच: निबंधात चौरस सेंटीमीटरला दहा मिलिअँपिअरवर तुलना होते, कारखाना शेकडो मिलिअँपिअरवर, पीईएम असेल तर हजार-दोन हजारांवर चालतो. कुंडीतल्या रोपावरून एकरी उतारा काढण्याचा हा प्रकार आहे. सुरुवातीची चाचणी म्हणून त्याला हरकत नाही. हरकत आहे ती तिथेच बातमी देण्याला.

पुढच्या पानांत या सगळ्याचा तपशील येईल: नायट्रोजन नेमका कुठे बसतो, सुटा अणू कसा ओळखतात, पटलांचे प्रकार किती. तो वाचताना प्रयोगशाळेतली एक क्लृप्ती लक्षात ठेवली तर बरे. उत्प्रेरक तपासायची मांडणी तीन विद्युतअग्रांची असते. एकावर तपासायचा नमुना, दुसरे व्होल्टेज मोजण्याच्या संदर्भासाठी, आणि तिसरे मंडल पूर्ण करण्यासाठी. तिसरे म्हणून बरीच वर्षे सर्रास प्लॅटिनमची तार लावत. नमुना हायड्रोजन काढत असतो, म्हणजे तो ऋण. त्यामुळे तार धन होते. आम्लात ही तार अगदी थोडी विरघळते, विरघळलेले प्लॅटिनम द्रावणातून तरंगत समोर जाते आणि नमुन्यावर चढते. मग शेकडो फेऱ्यांनंतर आलेख दर वेळी थोडा सुधारलेला दिसतो, आणि कार्बन वापराने अधिकच चांगला होत जातो असा समज होतो. हे उमगल्यावर आता चांगली नियतकालिके तिसऱ्या जागी प्लॅटिनम चालवून घेत नाहीत. तिथे ग्रॅफाइटची कांडी लावायला सांगतात, मध्ये सच्छिद्र काचेचा आडोसा घालून. समोर नमुन्याची परीक्षा चालू असते, आणि आडोशाच्या अलीकडे धन टोकाला जोडलेली ती काळी कांडी बुडबुडे सोडत, झडत, तळाला करडा गाळ साठवत राहते.